'दया' : व्युत्पत्ती आणि अर्थविकास

प्रस्तावना :
सौम्यता व कृपा यांसाठी मराठीत दया, करुणा, क्षमा, मार्दव असे अनेक तत्सम शब्द रूढ आहेत. व्यवहारात ते बहुधा समानार्थी मानले जातात. त्यांपैकी 'दया' या शब्दाच्या मुळाशी मात्र मनाच्या कोमलतेपेक्षा प्रत्यक्ष कृती आहे. प्रस्तुत लेखात हा अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

व्युत्पत्ती :
'दया' हा शब्द 'दय्' धातूपासून सिद्ध होतो. पाणिनीय धातुपाठात या धातूचे दान, गती, रक्षण, हिंसा आणि आदान असे पाच अर्थ दिले आहेत. वैदिक भाषेत त्याचा 'वाटून देणे' हा अर्थ आढळतो. तुलनात्मक भाषाशास्त्रात 'वाटणे' या अर्थाच्या 'दायोमाइ' या ग्रीक क्रियापदाशी त्याचे नाते सांगितले जाते. वाटा देणे, सांभाळणे आणि परदुःखाने द्रवणे असा हा अर्थविकास म्हणता येईल. याउलट 'मृदु'पासून बनलेला 'मार्दव' हा शब्द स्वभावगुण दर्शवितो. जैन परंपरेतील दहा धर्मांमध्ये त्याचा अर्थ 'अहंकाराचा अभाव' असा होतो. भगवद्गीतेतही (16.2) दया व मार्दव हे गुण स्वतंत्रपणे गणले आहेत.

दया आणि सामर्थ्य :
बृहदारण्यकोपनिषदात (5.2) प्रजापती देव, मनुष्य व असुर या तिघांनाही 'द' हे एकच अक्षर सांगतो. त्यातून देव दम, मनुष्य दान आणि असुर दया असा बोध घेतात. ज्याच्या हाती इजा करण्याचे बळ आहे, त्यालाच येथे दयेचा उपदेश आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 72 व 161 नुसार राष्ट्रपती व राज्यपाल यांच्याकडे केल्या जाणाऱ्या विनंतीस 'दयेचा अर्ज' म्हणतात, त्यामागेही हेच सूत्र आहे.

सटाण्याचा दाखला :
या अर्थाचे बोलके उदाहरण बागलाण परिसरात आढळते. सटाण्याचे मामलेदार यशवंतराव महादेव भोसेकर (1815-1887) यांनी सन 1870-71 च्या दुष्काळात सरकारी खजिन्यातील रक्कम भुकेल्या रयतेला वाटली, असे परंपरा सांगते. तपासणीच्या वेळी खजिना भरलेलाच आढळला, हा श्रद्धेचा भाग होय. तथापि लोकांनी त्यांना 'देवमामलेदार' म्हटले, हे महत्त्वाचे आहे. केवळ मृदुभाषी अधिकाऱ्यास हे बिरुद लाभले नसते. अधिकारपदाची जोखीम पत्करून केलेल्या वाटपाची स्मृती त्यात साठलेली आहे.

निष्कर्ष :
मार्दव हा वृत्तीचा गुण आहे, तर दया ही वृत्तीला कृतीची जोड मागते. आपल्या हाती असलेल्या सामर्थ्यातून दुसऱ्याला त्याचा वाटा देणे हा 'दय्' धातूचा मूळ अर्थ आजही विचारात घेण्याजोगा आहे.