तेलाने खराब झालेल्या मातीवर शेणखताचा उपाय चालतो का?

जनरेटरमधून डिझेल गळते, पॉवर टिलरची टाकी उलटते, गॅरेजमागे जळके ऑइल ओतले जाते. मुळशी तालुक्यातील भरे परिसरात कारखाने आणि भातखाचरे जवळजवळ आहेत. अशा ठिकाणी जमिनीत मुरलेले तेल पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात, विहिरीत उतरू शकते. मग शेणखत कामी येते का?

शेणखत काय करते?
शेणखत स्वतः तेल संपवत नाही. ते काम मातीतले जीवाणू आणि बुरशी करतात. तेलात कार्बन भरपूर असतो. पण नत्र आणि स्फुरद नसल्यासारखेच. त्यामुळे जीवाणूंची वाढ खुंटते. कुजलेले शेणखत किंवा कोंबडखत ही उणीव भरून काढते आणि माती भुसभुशीत करते. हवा मिळाली की जीवाणू तेलाचे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात रूपांतर करतात.

हे कुठे वापरले गेले?
१९८९ मध्ये ‘एक्झॉन वाल्डेझ’ जहाजातील तेल अलास्काच्या किनाऱ्यावर पसरले. तिथे नत्र-स्फुरदयुक्त खते टाकून स्थानिक जीवाणूंना बळ देण्यात आले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजा’ या जहाजांची टक्कर होऊन तेलगळती झाली. त्यानंतरच्या स्वच्छतेत ‘टेरी’ संस्थेने विकसित केलेले ‘ऑइलझॅपर’ हे तेल खाणारे जीवाणू वापरले गेले.

थोडी गळती झाल्यास काय करावे?
- आधी गळती थांबवा. साचलेले तेल लाकडाच्या भुशात टिपून वेगळे ठेवा.
- तेलकट माती काढून जाड ताडपत्रीवर पातळ पसरा.
- त्यात पूर्ण कुजलेले खत मिसळा. ताजे शेण नको. ते कुजताना हवेतला प्राणवायू ओढून घेते.
- वाफशाइतकी ओल ठेवा, माती अधूनमधून खालीवर करा, पावसात झाकून ठेवा.

डिझेल काही महिन्यांत बरेच कमी होऊ शकते. डांबरासारखे जड तेल मात्र वर्षानुवर्षे राहते.

कुठे चालत नाही?
जळक्या ऑइलमध्ये शिशासारखे धातू असू शकतात. जीवाणू ते नष्ट करू शकत नाहीत. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच द्यावे लागते. कारखान्यातून मोठी गळती झाली, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा.

वास गेला म्हणजे माती शुद्ध झाली, असे नाही. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय ती खाचरात परत टाकू नका.