पैनगंगा ओलांडून येणारा वाघ

श्रावणात तेलंगणातल्या उटनूरला गेलेला माणूस परत येऊन सांगतो, तिकडे वर्षावन आहे. कडेम नदीवर कोसळणारा कुंटाला धबधबा, घाटातला गच्च साग आणि रस्त्यावर झुकलेला बांबू पाहून कोणालाही तसेच वाटेल. त्याच माणसाने एप्रिलमध्ये पुन्हा जावे. डोंगर उघडे पडलेले असतात, पायाखाली सागाची वाळकी पाने वाजत असतात. हे शुष्क पानझडी वन आहे. वर्षावनाला जवळजवळ वर्षभर ओल लागते. आदिलाबाद जिल्ह्यात बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो. मग झाडे पाने टाकून आपले पाणी राखतात.

प्राणी पाहायचे तर हा उघडा महिनाच चांगला. आडोसा कमी होतो, ओढे आटतात, आणि चितळ, सांबर, रोही, गवा उरल्यासुरल्या पाणवठ्यावर येतात. उन्हाळा लागता लागता मोहफुले गळतात. त्यांच्यासाठी रात्री अस्वल येते आणि भल्या पहाटे टोपली घेऊन गावातली माणसे येतात. त्या अर्धवट उजेडात दोघांची गाठ पडली की जिवावर बेतते. मोहाच्या दिवसांत फिरणाऱ्या पाहुण्याने एवढे तरी लक्षात ठेवावे.

उटनूरच्या दक्षिणेला कवालचे जंगल आहे. 1965 मध्ये ते अभयारण्य झाले आणि 2012 मध्ये व्याघ्र प्रकल्प. त्याचा गाभा सुमारे 892 चौरस किलोमीटरचा. तरी वाघांचे बिऱ्हाड इथे अजून नीट बसलेले नाही. येणारे वाघ बहुतेक आपल्या महाराष्ट्रातले, ताडोबा आणि टिपेश्वरचे. टिपेश्वर जेमतेम 148 चौरस किलोमीटर. वयात आलेल्या नराला तिथे जागा उरत नाही, म्हणून तो पैनगंगा ओलांडतो. 2019 मध्ये टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ आदिलाबादच्या बाजूने फिरून थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. 2024 च्या हिवाळ्याच्या तोंडाशी किनवटकडून आलेला दुसरा एक नर हैदराबाद-नागपूर महामार्ग ओलांडून मादी शोधत हिंडत होता. वाघांच्या दृष्टीने इथे दोन राज्ये नाहीतच. किनवट आणि राजुऱ्याकडच्या माणसांच्याही 1956 पर्यंत नव्हती: हे तालुके तोवर आदिलाबाद जिल्ह्यातच होते. आजही इथल्या परधान समाजाची घरातली बोली मराठी आहे, गोंड देवांच्या कथा मात्र ते किकरी या तंतुवाद्याच्या साथीने गोंडीत गातात.

म्हणून माझ्या मते कवालचे भवितव्य गाभ्यात ठरणार नाही, ते महाराष्ट्रातली जंगले आणि कवाल यांच्या मधल्या पट्ट्यात ठरेल. त्या पट्ट्यात कापूस आहे, रस्ते आहेत, गोंड-कोलामांचे गुडे, म्हणजे पाडे, आहेत. मे 2025 मध्ये तेलंगणा सरकारने ताडोबा आणि कवाल यांना जोडणारे सुमारे 1,492 चौरस किलोमीटरचे कुमरम भीम संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. आदिवासी रस्त्यावर उतरले आणि जुलैमध्ये सरकारने तो आदेश स्थगित केला. या विरोधाला वाघाचा द्वेष म्हणणे अन्यायाचे आहे. निजामाच्या काळात राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या तेव्हा याच लोकांची शेते गेली, घरे जाळली गेली. जल, जंगल, जमीन मागणारा गोंड नेता कुमरम भीम 1940 मध्ये जोडेघाटला मारला गेला तो याच अन्यायाविरुद्धच्या लढ्यात. आता त्याच्याच नावाने नवी रेषा आखायची, तर आधी ग्रामसभेत बसावे लागेल. वाघाचा माग गावकऱ्याला सर्वांत आधी दिसतो, आणि वाघाने बैल मारला तर नुकसानही त्याचेच होते. ती भरपाई पेरणीच्या आत त्याच्या हातात पडली, तर त्या पट्ट्यात वाघाला थारा मिळेल.