मोबाइल शिकणाऱ्याच्या हाती
मोठ्यांची शाळा : लेखांक ६

प्रौढ वर्गाची जागा आणि वेळ कशी ठरवावी, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. वर्ग ठरला, माणसे आली, तरी खरी अडचण पुढेच असते. दिवसभर बांधीत वाकून रोवणी केलेल्या बाईचे मन रात्री आठ वाजता अक्षरांत कसे रमवायचे? हल्ली या प्रश्नाला सगळीकडून एकच उत्तर मिळते : मोबाइल. उत्तर बरोबर आहे, पण अर्धे. तो मोबाइल कोणाच्या हातात आहे, यावर पुढचे सारे ठरते.

भंडारा जिल्ह्याचेच पाहू. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ८३.७६ टक्के होती. पुरुषांची ९०.३५ आणि स्त्रियांची ७७.०८. सात वर्षांवरील जवळपास दर चौथ्या स्त्रीला तेव्हा लिहितावाचता येत नव्हते. अशांसाठी सध्या 'उल्लास', म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, सुरू आहे. २०२२-२३ ते २०२६-२७ अशी त्याची मुदत, १५ वर्षांवरील पाच कोटी लोकांना साक्षर करण्याचे देशभराचे उद्दिष्ट. शिकवणारे स्वयंसेवक, त्यांना मानधन नाही. २०२३ मध्ये त्याचे मोबाइल अ‍ॅपही आले. राज्याची 'उजास' ही प्रवेशिका हाताशी असते.

आता नेहमीचे दृश्य. स्वयंसेवक आपला फोन डब्याला टेकवून उभा करतो, व्हिडिओ लावतो आणि दहा बाया मालिका पाहावी तसा तो पाहतात. पंधरा मिनिटांनी व्हिडिओ संपतो. सगळ्यांना आवडलेला असतो आणि एकीनेही एक अक्षर वाचलेले नसते. पाहणे सोपे, वाचणे कष्टाचे. व्हिडिओ ते कष्ट टाळू देतो.

त्यापेक्षा बँकेचा मेसेज घ्या. धानाचे चुकारे, रोजगार हमीची मजुरी, लाडक्या बहिणीचा हप्ता, सगळे खात्यात येते आणि मेसेज फोनवर. तो बहुधा इंग्रजीत असतो आणि आकडेही इंग्रजी. मराठी आकडे शिकलेली बाई इथे अडते, म्हणून दोन्ही आकडे पहिल्याच आठवड्यात शेजारी शेजारी शिकवावेत. फोनच्या कीपॅडवर इंग्रजी आकडे आयतेच आहेत. मग मेसेजमधल्या तीनच गोष्टी शोधायला सांगाव्यात : खात्याचे शेवटचे आकडे, रक्कम आणि एक शब्द. तो शब्द 'क्रेडिट' असेल तर पैसे आले, 'डेबिट' असेल तर गेले. दोन्ही शब्द इंग्रजी लिपीतले, पण अक्षर अक्षर जोडण्याची गरज नाही. दुकानाची पाटी ओळखावी तसा अख्खा शब्द डोळ्यांनी ओळखायचा. "काकू, आले की गेले?" एवढा एक प्रश्न पुरतो, वर्गातल्या बाकीच्या बायाही आपला फोन काढतात. मात्र मेसेज वाचून दाखवायचा की नाही, हे जिचा तिने ठरवायचे. शिल्लक रक्कम चारचौघांत सांगायची कोणावर वेळ येऊ नये. त्याच बैठकीत सांगून टाकावे की पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. जो मागतो तो ठग.

अख्खा शब्द ओळखण्याची ही रीत नवी नाही. फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २००० साली आंध्र प्रदेशात संगणकावरून प्रौढांना वाचायला शिकवणे सुरू केले. मुळाक्षरांऐवजी शब्द, चित्र आणि आवाज यांची सांगड घातली. भर वाचनावर होता; लिहायला शिकवणे त्यात जवळपास बाजूलाच राहिले. या रीतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही इथे दिसतात.

दुसरे साधन आवाजाचे. बोलले की फोन लिहितो, ही सोय मराठीत २०१७ पासून आहे. आपल्या तोंडचा 'धान' पडद्यावर उमटलेला पाहणे, ही नव्याने शिकणाऱ्याला मोठीच गंमत वाटते. पण भंडाऱ्यात जरा जपून. इथली झाडीबोली 'ळ'च्या जागी 'र' बोलते आणि 'ण'च्या जागी 'न'. 'डोरा' म्हटल्यावर फोन 'डोळा' लिहीलच असे नाही. भलतेच काही उमटते आणि बाई समजते, आपलेच बोलणे चुकले. तेव्हा स्वयंसेवकाने लगेच सांगावे : बोली चुकलेली नाही, फोनला ती येत नाही. पुस्तकात हा शब्द असा लिहितात, घरी मात्र बोलता तसाच बोला.

तिसरा उपयोग वर्ग चुकल्यावर. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला जावे लागते, मे महिन्यात तेंदूपाने, आणि रात्रीचा वर्ग बुडतो. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मिनिटांचा आवाजी निरोप आणि फळ्याचा एक फोटो पाठवला तर धागा तुटत नाही. निरोपात एकच काम असावे : "चुलीजवळच्या डब्यांवरची नावे वाचा, उद्या मला सांगा."

आणि एक गोष्ट मोबाइल करणार नाही. 'उल्लास'ची चाचणी कागदावर असते. राज्यात ती १७ मार्च २०२४ रोजी झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण, एकूण १५०. म्हणजे हातात पेन धरायलाच हवे. वर्षानुवर्षे विळा धरलेल्या बोटांना पेन हलके वाटते आणि म्हणूनच ते घसरते. फोनवर बोटाने अक्षर गिरवणे हा चांगला सराव, पण नंतर तेच अक्षर वहीत पाच वेळा उतरवून घ्यावे.

शेवटी घरच्यांना विनंती. बहुतेक घरांत चांगला फोन मुलाकडे नाहीतर नवऱ्याकडे असतो आणि वर्गात येणाऱ्या बाईला तो फक्त उचलून 'हॅलो' म्हणण्यापुरता मिळतो. या आठवड्यात रोज अर्धा तास तो तिच्या हातात द्या. तिने काही चुकीचे दाबले तर हिसकावून घेऊ नका. मागे कसे यायचे, तेवढे दाखवा. बाकीचे ती शिकेल. पुढच्या आठवड्यात पाहू, हिशेबाची वही.