पीक आजारी, की ढग आडवा?

निरोगी पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतं. या फरकावरून ड्रोनचा छोटा कॅमेरा पिकाची तब्येत सांगतो. पण कॅमेऱ्याला कळतो फक्त त्याच्यापर्यंत पोचलेला प्रकाश. ढग आडवा आला, की तेच पान त्याला काळवंडलेलं दिसतं!

म्हणून उड्डाणाच्या आधी आणि नंतर एका राखाडी फलकाचा फोटो घेतात. समजा, हा फलक 50 टक्के प्रकाश परतवतो. फोटोत फलकाचा आकडा 30,000 आणि पानाचा 24,000 आला, तर पानाचं परावर्तन 40 टक्के. उजेड निम्मा झाला, तर दोन्ही आकडे निम्मे होतात. उत्तर मात्र 40च राहतं. उड्डाणाच्या मधेच ढग आला तर? त्यासाठी ड्रोनच्या पाठीवर आकाशाकडे तोंड केलेला प्रकाशमापक लावतात.

फोटो मात्र रॉ स्वरूपातच हवेत. जेपेग बनवताना कॅमेरा उजेड परस्पर ‘सुधारतो’ आणि हे गुणोत्तर बिघडतं.

आणखी एक काळजी घ्या: फलकावर आपली सावली पडू देऊ नका. फलकाचा आकडा 20,000 वर घसरला, तर तेच पान 60 टक्क्यांचं ठरेल आणि खताचा हिशेब सावलीवर बेतला जाईल.