दोघांनी मिळून काढलेले उत्तर

रायगड जिल्ह्यातील कर्जत-खालापूर भागात खैराट हे छोटेसे गाव आहे. तेथील एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या योजनेचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. पहिली ते चौथीची सुमारे वीस मुले एका खोलीत शिकत. प्रत्येकाला ‘एक्सओ’ नावाचा हिरवा-पांढरा संगणक मिळाला.

प्रत्येकाला वेगळे यंत्र दिले, तर मुले एकमेकांशी बोलणेच सोडतील, अशी शंका शिक्षकाला येईल. एक्सओची रचना मात्र उलट विचाराने केलेली होती. त्यातील रेडिओ शेजारच्या एक्सओशी थेट संपर्क साधतो. दूरचा निरोप मधले संगणक हातोहात पुढे पोचवतात. त्यामुळे इंटरनेट नसतानाही दोघे-तिघे एकाच पानावर एकाच वेळी लिहू शकतात.

या संगणकासाठी अंतर मोजण्याचाही एक कार्यक्रम तयार झाला. तो एकट्याला चालवता येत नाही. समजा, सीता आणि गणू १७ मीटर अंतरावर उभे आहेत. सीताच्या संगणकाने आवाज काढला आणि बरोबर १ सेकंदाने गणूच्या संगणकाने काढला. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १७ मीटरला ०.०५ सेकंद लागतात. सीताच्या यंत्राला दोन आवाजांत १.०५ सेकंदांचे अंतर ऐकू येते, गणूच्या यंत्राला ०.९५ सेकंदांचे. या दोहोंतील फरक ०.१०, त्याची निम्मी ०.०५, तिला ३४० ने गुणले की १७ मीटर! दोघांची घड्याळे जुळलेली नसली तरी चालते. मात्र एकट्याच्या नोंदीवरून काहीच कळत नाही.

यंत्र हाती दिले की शिक्षण आपोआप होते, असे मात्र नाही. याच योजनेतील पेरू देशाच्या ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १५ महिन्यांनंतरही गणित व भाषेच्या चाचण्यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

मग शिक्षकाने काय करावे? एकट्याला सुटणार नाही असा प्रश्न शोधावा. प्रत्येक गटाने आपापल्या वाडीतील विहिरीची पाणीपातळी दर आठवड्याला मोजावी आणि साऱ्या नोंदी एका तक्त्यात भराव्यात. कोणती विहीर आधी आटते, हे तो तक्ता सांगेल. तक्ता संगणकावर केला तर आलेख झटपट निघेल. फळ्यावर केला तरी प्रश्न तोच राहील, आणि उत्तरही साऱ्यांचे मिळूनच येईल.