भुरा झटकला, विष राहिलं

मुकुटबनच्या शिवारात सोयाबीन काढणीच्या वेळेला पाऊस झाला, की कुटाराचा ढीग आतून तापतो आणि त्यावर भुरा, म्हणजे बुरशी, चढतो. मग गावात एकच सल्ला मिळतो: उन्हात पसर, झटक, बैलाला चालतं.

इथंच फसगत होते. उन्हानं ओल जाते, बुरशीची वाढ थांबते, पण तिनं आधीच सोडलेलं विष चाऱ्यातच राहतं. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष साध्या उकळीलाही दाद देत नाही, म्हणून बुरसलेली सरकी ढेप शिजवून घालणं म्हणजे नुसतं सरपण जाळणं. आणि भुरा दिसत नाही म्हणजे चारा चांगला, हेही खरं नाही.

'थरथरतंय, झोकांड्या खातंय, म्हणजे बाहेरचं काहीतरी लागलं.' असाही एक समज असतो, पण काही बुरशींची विषं थेट मज्जातंतूंवरच काम करतात. न्यूझीलंडमध्ये रायग्रास गवताच्या आत राहणारी बुरशी लोलिट्रेम बी नावाचं विष तयार करते. ते खाल्लेली मेंढी उभी असताना धडधाकट दिसते. हाकलली की पाय ताठ होतात, ती कोसळते आणि थोड्या वेळानं उठून पुन्हा चरू लागते. कुरण बदललं की बहुतेक मेंढ्या सावरतात. मरतात त्या बऱ्याचदा पाण्यात किंवा खड्ड्यात पडून.

आणखी एक समज: 'कोदो हे भरडधान्यच विषारी.' नाही. मध्य प्रदेशात बांधवगडला ऑक्टोबर २०२४ मध्ये १३ हत्तींच्या कळपातले १० मेले. त्यांच्या अवयवांच्या तपासणीत सायक्लोपियाझोनिक आम्ल आढळलं. ते कोदोचं नव्हे, त्यावर वाढणाऱ्या बुरशीचं विष. ते स्नायूंच्या पेशींमधला कॅल्शियमचा पंप अडवतं. कोदोनं माणसांना येणाऱ्या गुंगीशी या विषाचा संबंध १९८५ मध्येच दाखवला गेला होता. निर्धोक कोदो आजही ताटात असतो, दोष ओल्या दाण्याचा.

पण प्रत्येक विषबाधा बुरशीची नसते. कोवळी किंवा पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी खाऊन गुरं पटापट पडतात, ती किराळ. ते सायनाइड, बुरशीशी संबंध नाही आणि उपचारही वेगळा.

लाळ गळणाऱ्या, लडखडणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नका, पिसाळलेलं जनावरही असंच दिसतं. चारा आधी बंद करा. डॉक्टर येईपर्यंत गव्हाणीतला उरलेला चारा आणि ढेप कागदी पिशवीत बाजूला ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरून बुरशी आणखी वाढते.