ताप कुठल्या लशीचा, पुरळ कुठल्या लशीचं?

गटाच्या बैठकीत लसीकरणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तिच्या बाळाला काही झालं नाही, माझंच रात्रभर रडलं." आणि मग पुढच्या डोसला बाळ घरीच राहतं. म्हणून आज आम्ही लशींची तुलना करणार आहोत. प्रत्येक लशीचा त्रास वेगळा, आणि मुख्य म्हणजे त्याची वेळ वेगळी.

जन्मल्यावर डाव्या दंडावर बीसीजी देतात. तेव्हा काहीच दिसत नाही. दोन-चार आठवड्यांनी तिथं फोड येतो, कधी पिकून फुटतो, आणि भरून आला की वण राहतो. त्यावर हळद, तेल, मलम काही लावू नका, जागा कोरडी ठेवा. काखेत मोठी गाठ आली तर मात्र दाखवा.

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटा. सगळ्यात जास्त तक्रारी हिच्याच. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब अशा पाच रोगांवरची ही लस. यात डांग्या खोकल्याचे मेलेले जंतू असतात. ते ओळखून शरीर लगेच जागं होतं, म्हणून त्याच दिवशी ताप, मांडीला सूज, किरकिर. एक-दोन दिवसांत उतरतं. मांडीत बारीक गाठ काही आठवडे राहू शकते, ती चोळू नका, शेकू नका. गार पाण्याची पट्टी ठेवा, अंगावर पाजत राहा. पॅरासिटामॉल नर्सबाईंनी बाळाच्या वजनाप्रमाणे सांगितलं तेवढंच द्या. थेंबांची बाटली सिरपपेक्षा कितीतरी कडक असते, चमच्यानं मोजून दिली तर घात होईल.

कुणी म्हणतं, खाजगी दवाखान्यात न दुखणारी सुई मिळते. मिळते, महाग असते. तिच्यात पूर्ण जंतू नसतो, त्याचे निवडक भाग असतात. ताप कमी येतो हे खरं, पण डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षणही लवकर ओसरतं. सरकारी सुई हलकी म्हणून दुखते, हा समज सोडा.

आता गोवर-रुबेला. नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस. यात जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात, त्यांना शरीरात वाढायला वेळ लागतो. म्हणून ताप आणि बारीक पुरळ येतं ते साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी. तोवर आई सुई विसरलेली असते, आणि घरातले "देवी आली" म्हणतात! हे पुरळ दुसऱ्या मुलाला लागत नाही. दुसऱ्या डोसला, दीड वर्षाच्या सुमारास, डीपीटीचा बूस्टरही त्याच दिवशी असतो. त्या रात्रीचा ताप बहुधा डीपीटीचा, आठवड्यानं आलेला गोवराच्या लशीचा.

पोलिओच्या थेंबांनी सहसा काही होत नाही. रोटाच्या थेंबांनी थोडी पातळ शी होऊ शकते. पण शीतून रक्त, सारखी उलटी आणि थांबून थांबून कळवळून रडणं असेल तर थेट दवाखाना.

सुईनंतर अर्धा तास तिथंच बसा. अंगावर गांध्या, चेहऱ्याला सूज किंवा श्वासाला त्रास असेल तर तो बहुधा याच वेळात कळतो. घरी गेल्यावर झटका आला, बाळ मलूल पडलं, तीन तास रडणं थांबेना किंवा ताप दोन दिवसांत उतरेना, तर आशाताईंना कळवा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. आणि पुढच्या डोसला कार्ड देतानाच हे नर्सबाईंना सांगा.